अश्वसान्निध्य आणि मनोपचार : पानशेत खोऱ्याच्या संदर्भात

मनावर आघात झालेल्या व्यक्तीला घोड्याच्या सान्निध्यात आणून, त्याची निगा राखावयास किंवा त्याला हाती धरून चालवावयास लावून तिचे मनःस्वास्थ्य सुधारू पाहणारी उपचारपद्धती पाश्चात्त्य देशांत रूढ झाली असून भारतातही ती परिचित होऊ लागली आहे. महाराष्ट्रात घोडा म्हटला की मराठ्यांच्या घोडदळाचे स्मरण होते. त्यामुळे या पद्धतीचे मूळ येथील परंपरेतच होते, असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हे विधान पुराव्यास कितपत उतरते, हे एका विशिष्ट प्रदेशाच्या आधारे तपासणे अगत्याचे आहे.

आंबी नदीवरील पानशेत हा तोरणा-राजगडाच्या परिसरातील मावळ मुलुख होय. डोंगरउतार, दाट रान आणि भातखाचरे यांचा हा प्रदेश घोडदळास फारसा अनुकूल नव्हता. येथील मावळे प्रामुख्याने पायदळात आणि गडांच्या रक्षणात कामास आले. घोड्यांची पैदास भीमा व नीरा खोऱ्यांतील मोकळ्या माळांवर होई आणि तेथील भीमथडी तट्टू विशेष नावाजलेले होते. तेव्हा पानशेत खोऱ्याला प्राचीन अश्वपरंपरा चिकटविण्यास आधार नाही.

व्यापक परंपरेचा विचार केला तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले शास्त्र, नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सा आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक यांत घोड्याची लक्षणे, आहार व रोग यांचे सविस्तर विवेचन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासातही अश्वविनोदाचे वर्णन येते. तथापि चिकित्साग्रंथांत रुग्ण घोडा आहे आणि वैद्य मनुष्य आहे. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांच्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याची नोंद आहे. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीस धाडलेल्या पत्रात दाणावैरण आधीच उधळल्यास पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष अधिकाऱ्यांवर येईल, अशी सक्त ताकीद आहे. या साधनांतून घोड्याविषयीचे दायित्व स्पष्ट दिसते. मानवी मनाच्या उपचाराचा उल्लेख मात्र त्यांत आढळत नाही.

प्रस्तुत पद्धतीचा आधुनिक उगम विसाव्या शतकातील शारीरिक पुनर्वसनाशी निगडित आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालील पाय अधू झाले. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वचालनाच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. या उदाहरणाने युरोपात उपचारात्मक अश्वारोहणास चालना मिळाली आणि १९६९ साली ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत त्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या. घोड्याच्या चालीमुळे आरोहकाच्या कटिभागास माणसाच्या चालण्यासारखी गती मिळते, हे या उपचाराचे शारीरिक तत्त्व होय. मनोपचाराची शाखा त्यानंतर विकसित झाली. तिच्यात आरोहणापेक्षा घोड्याशी जमिनीवरील व्यवहारास महत्त्व असते.

त्यामागील गृहीतक असे की, घोडा माणसाची भीती व अस्वस्थता चटकन ओळखतो. बर्लिनमध्ये गणिते सोडविणाऱ्या ‘हान्स’ नामक घोड्याची परीक्षा करून ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखविले की, तो प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरून उत्तर देत असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात आता छत्री उघडली जाईल एवढेच माणसाला सांगितले गेले. छत्री उघडली नाही, तरी माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांबरोबर घोड्याचेही ठोके वाढले. अर्थात, घोडा भाव ओळखतो एवढ्यावरून तो व्याधी बरी करतो, असे सिद्ध होत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात चौदा अभ्यास तपासून उपलब्ध पुरावा दुर्बल असल्याचा निर्वाळा देण्यात आला.

पानशेतच्या इतिहासात मनोपचाराचा प्रश्न निराळ्या मार्गाने येतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घरे, संसार आणि माणसे यांची हानी मोजण्याचा प्रयत्न झाला. मनावरील आघात मोजण्याची रीत मात्र तेव्हा रूढ नव्हती. आपद्ग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा पद्धतशीर विचार भारतात १९८४ ची भोपाळ दुर्घटना आणि १९९३ चा किल्लारी भूकंप यांनंतर बळावला. ज्या काळी युरोपात अपंगांना घोड्यावर बसविण्याचे प्रयोग होत होते, त्याच काळी पानशेतच्या पूरग्रस्तांचे दुःख घरोघरी अबोलपणे सोसले जात होते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. नव्या उपचारास जुन्या वैभवाची साक्ष काढून प्रामाण्य देता येणार नाही; त्याची परीक्षा रुग्णांच्या अनुभवावर आणि काटेकोर तुलनेवरच झाली पाहिजे. दुसरे असे की, अशा उपचारासाठी घोडा नेमावयाचा झाल्यास त्याचा दाणा, विश्रांती, नाल आणि ताण यांचा हिशेब आधी ठेवावा लागेल. हा हिशेब मात्र मराठी परंपरेला नवा नाही.