जुन्या संगणकावर खेळ नेमका कुठे अडखळतो?

जुना संगणक नव्या खेळापुढे धापा टाकू लागला की घरात दोनच पर्यायांची चर्चा होते : नवा संगणक घ्यावा, नाहीतर मुलाने खेळणे सोडावे. दुकानात विचारणा केल्यास अर्थातच पहिला पर्याय पुढे केला जातो. वास्तविक २०१३ ते २०१७ या काळात घेतलेले अनेक संगणक अजूनही निकामी झालेले नाहीत. बहुतेक वेळा त्यांचा एखादाच भाग बाकीच्यांची गती रोखून धरतो. तो भाग ओळखण्यापूर्वी केलेला खर्च हमखास वाया जातो.

पडद्यावरील हालचाल ही झरझर बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात; ३० फ्रेम पुरेशा असतील तर ३३.३. एवढ्या अवधीत प्रोसेसरने खेळातील घडामोडींचा हिशेब करायचा असतो आणि ग्राफिक्स कार्डाने त्याचे चित्र रंगवायचे असते. बैलजोडीतला एक बैल मंद असला की दुसऱ्याचा जोर फुकट जातो, तसेच येथेही घडते.

मंद बैल कोणता, हे ठरवण्याची एक साधी परीक्षा आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावे. पहिल्यात सुमारे २०.७ लाख ठिपके रंगवावे लागतात, दुसऱ्यात ९.२ लाख, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते. एवढे करून फ्रेमची संख्या ठळकपणे वाढली, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. संख्या जवळपास तेवढीच राहिली, तर प्रोसेसर किंवा मेमरी कमी पडते आहे आणि महागडे ग्राफिक्स कार्ड आणूनही विशेष फरक पडणार नाही. फ्रेम मोजण्यासाठी वेगळे साधन लागत नाही; ‘स्टीम’च्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्येही प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स यांवरील भार दिसतो.

या परीक्षेआधी उष्णतेचा विचार मात्र करायलाच हवा, कारण जुन्या संगणकांचा तो सर्वांत दुर्लक्षित आजार आहे. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे खेळ सुरळीत चालतो आणि मग रखडू लागतो, हे त्याचे ठळक लक्षण. किनारपट्टीवर हा त्रास अधिक जाणवतो. दमट, खारट हवेत धूळ सुटी राहत नाही. पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये तिचा थर चिकटून बसतो. खाणपट्ट्यातील तांबड्या धुळीबद्दल तर वेगळे सांगायला नको. टेबलाखाली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅबिनेटला श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

सफाईसाठी संगणक बंद करून वीजतार काढावी, बाजूचे झाकण उघडावे आणि मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सुटी करून हवेच्या झोताने बाहेर काढावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. झोताने ते भरधाव फिरले तर पंखा बिघडू शकतो. ओले फडके आणि घरातील व्हॅक्युम क्लीनर दोन्ही दूर ठेवावेत. व्हॅक्युम क्लीनरमुळे निर्माण होणारी स्थिर वीज नाजूक भागांना घातक ठरू शकते. प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. काही वर्षांत तो सुकून उष्णता नीट वाहून नेईनासा होतो. जुना थर पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावणे हे काही मिनिटांचे आणि अल्प खर्चाचे काम आहे. लॅपटॉप उघडण्याचे धाडस मात्र घरी करू नये. ते जाणकाराकडे सोपवावे.

त्यानंतर मेमरी. ज्या संगणकात ४ जीबीच रॅम आहे, तेथे तिचा मोठा हिस्सा विंडोज आणि उघडा ब्राउझरच खाऊन टाकतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा खेळ एप्रिल २०१५ मध्ये संगणकावर आला, तेव्हाच त्याची शिफारस ८ जीबीची होती. रॅम वाढवताना सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट अशी की, एकाच पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या जोडीने लावणे हिताचे असते. डीडीआर३-१६०० प्रकारची एक पट्टी सेकंदाला कमाल १२.८ जीबी माहिती पुरवते. जोडीने लावल्यास ही क्षमता २५.६ जीबी होते. ज्यात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, त्या संगणकाला याचा लाभ सर्वाधिक, कारण तेथे चित्र रंगवण्याचे कामही याच रॅमच्या भरवशावर चालते. डीडीआर३ आणि डीडीआर४ पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या असतात, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. खरेदीआधी जुनी पट्टी काढून तिच्यावरील मजकूर वाचलेला बरा.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने फ्रेमची संख्या फारशी वाढत नाही. तरीही हा बदल करावा. खेळ सुरू होण्याचा वेळ कमालीचा घटतो आणि विस्तीर्ण नकाशांच्या खेळात नवा परिसर समोर येताना बसणारे हिसके कमी होतात. शिवाय संगणकाची इतर सारी कामेही त्यामुळे झपाट्याने होऊ लागतात, ही घरच्यांना पटवण्याजोगी बाब.

खेळातील सर्वच सेटिंग सरसकट खाली आणणे हा मात्र अडाणीपणा. सावल्या, प्रतिबिंबे आणि कडा गुळगुळीत करणारे अँटी-अलायझिंग यांचा भार प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डावर पडतो. दूरवरचे दृश्य, रस्त्यावरील गर्दी आणि वाहनांची संख्या यांचा प्रोसेसरवरही. परीक्षेत जो भाग मंद ठरला असेल, त्याचाच भार उतरवावा. टेक्स्चरचा दर्जा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावत असेल तर कमी करण्याचे कारण नाही. चित्र मात्र विनाकारण भकास होते. एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेले एफएसआर तंत्र कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवते. ते ज्या खेळांत उपलब्ध आहे, तेथे एनव्हीडियाच्या अनेक जुन्या कार्डांवरही चालते. एनव्हीडियाच्या डीएलएसएसला मात्र आरटीएक्स मालिकेचेच कार्ड लागते. फ्रेम सतत ३५ ते ६० मध्ये हेलकावत असतील, तर त्या ३० वर बांधून टाकाव्यात. एकसारख्या ३० डोळ्यांना अधिक सुसह्य वाटतात.

‘गेम बूस्टर’, ‘रॅम क्लीनर’ अशा नावांचे प्रोग्राम मुळीच उतरवू नयेत. नको असलेले प्रोग्राम बंद करणे एवढेच त्यांच्याकडून होण्याजोगे काम. ते टास्क मॅनेजरमधूनही होते. चोरीच्या खेळांसोबत येणारा घुसखोर प्रोग्राम गुपचूप प्रोसेसर राबवत असेल, तर इतर कोणतेही उपाय लागू पडणार नाहीत.

एवढे करूनही ग्राफिक्स कार्ड बदलणे भाग असेल, तर आधी वीजपुरवठा पाहावा. मदरबोर्डवरील खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्यामुळे साध्या पॉवर सप्लायच्या जुन्या संगणकात जीटीएक्स ७५० टीआय (६० वॅट) किंवा जीटीएक्स १०५० टीआय (७५ वॅट) यांसारखी कार्डे सोयीची ठरतात. त्यांच्या अनेक आवृत्त्यांना वेगळी वीजतार लागत नाही. कार्यालयांतून निघालेल्या अरुंद कॅबिनेटमध्ये कमी उंचीचेच कार्ड बसते. जुने कार्ड विकत घेताना ते किमान अर्धा तास खेळ चालवून पाहावे, नुसता चालू पडदा पाहून पैसे देऊ नयेत.

हा खर्च कोठवर करावा, याची एक सीमा प्रोसेसर ठरवतो. विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती ग्राहकांना काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली गेली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० आवश्यक आहे. आडवाटेने ते जुन्या संगणकात घालता येते. पण ‘व्हॅलोरंट’सारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट यांशिवाय सुरू होत नाही. म्हणून चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या संगणकावर सफाई, थर्मल पेस्ट, वापरलेल्या रॅमची जोडी आणि एक लहान एसएसडी यापुढे पैसे घालू नयेत. एसएसडी पुढील संगणकातही वापरता येते; डीडीआर३ रॅम तेथे उपयोगी पडत नाही.