वलनीचा वेगवान गोलंदाज

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण विदर्भाच्या संघातून खेळत कसोटीपर्यंत पोहोचणारा पहिला खेळाडू कोण? उमेश यादव, आणि तोही २०११ साली! विदर्भ रणजी करंडकात उतरला १९५७-५८ मध्ये. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षे वाट पाहावी लागली.

उमेशचे वडील तिलक यादव मूळचे उत्तर प्रदेशातले. पोटासाठी नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत नोकरीला आले. उमेशचा जन्म १९८७ चा. सैन्यात किंवा पोलिसात लागावे म्हणून त्याने प्रयत्न केले, पण जमले नाही. विशीपर्यंत तो टेनिस बॉलनेच खेळत होता.

आमच्या आष्टीतही पोरे टेनिस बॉलच खेळतात. तो स्वस्त असतो आणि पॅड-ग्लोव्हजचा खर्च नाही. शाळेत असताना मी भन्नाट वेगाने चेंडू टाकणारी मुले पाहिली आहेत. पुढे कुणी शेती धरली, कुणी नोकरी. टेनिस बॉल हलका असतो, त्यामुळे वेग काढायला खांद्याचा जोर लावावा लागतो. लेदर बॉल त्याच्या अडीचपटीहून जड, वर शिवण असलेला. तो हातात आल्याशिवाय दिशा आणि टप्पा शिकता येत नाही, आणि तो मिळतो क्लबात.

उमेशला कॉलेजच्या संघात घेतले नाही, कारण तो कुठल्या क्लबाचा सभासद नव्हता. मग २००७ मध्ये तो विदर्भ जिमखान्यात गेला. विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याचा वेग हेरला. नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध त्याने रणजी पदार्पण केले आणि त्या मोसमात चार सामन्यांत २० बळी घेतले. २०१० मध्ये एकदिवसीय, २०११ मध्ये कसोटी.

सुरुवातीला तो धावा फार देतो अशी टीका व्हायची, आणि ती खोटी नव्हती. पण २०१५ च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक १८ बळी त्याचेच. २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध सामन्यात १० बळी. जानेवारी २०१९ मध्ये वायनाडला रणजी उपांत्य सामन्यात केरळचे १२ गडी त्याने टिपले. सामना दोन दिवसांत संपला आणि पुढे विदर्भाने करंडक राखला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वडील गेले. आठवडाभरातच तो इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला. फिरकीच्या त्या खेळपट्टीवर त्याने १२ धावांत ३ बळी घेतले आणि भारतातले कसोटी बळींचे शतक पूर्ण केले. सामना आपण हरलो. त्याच वर्षी जूनमध्ये ओव्हलवर तो आपली ५७ वी कसोटी खेळला. तोवर कसोटी बळी झाले १७०.

खाणीतल्या कामगाराच्या पोराला क्लबाचे दार विसाव्या वर्षी उघडले, तेही थोडक्यात. दोन वर्षे आणखी गेली असती तर तो कुठल्या तरी चौकीवर ड्युटी करत असता. त्यात वाईट काही नाही. पण विदर्भाला आणखी किती वाट पाहावी लागली असती कोण जाणे. तेव्हा तुमच्या गावात एखादा पोरगा वेगाने चेंडू टाकताना दिसला, तर नुसते कौतुक करून थांबू नका. त्याला जवळच्या क्लबात घेऊन जा.