नांगर आणि धूळ

१९३५ सालच्या एप्रिलची चौदावी तारीख, वार रविवार. अमेरिकेच्या कॅन्सस, ओक्लाहोमा व टेक्सस या प्रांतांत सकाळ अगदीं निर्मळ उगवली होती. दुपारीं मात्र उत्तरेकडून मातीची काळी भिंतच चालून आली आणि भर दिवसां अंधार पडला. ही माती गव्हाच्या शेतांतली होती. ती इतकी मोकळी कोणी केली, हें पाहूं गेल्यास दोनशें वर्षें मागें जावें लागतें.

इंग्लंडांतील जेथ्रो टल याचा शेतीवरील ग्रंथ १७३१ सालीं निघाला. रोपांचीं मुळें मातीचे सूक्ष्म कण खातात, अशी त्याची समजूत; म्हणून माती जितकी बारीक तितकें पीक जोमदार, असें त्यानें प्रतिपादिलें. कारण चुकीचें असलें तरी नांगरणीचे फायदे खरे होते. तण गाडलें जाई, बीं सारखें पडे, आणि त्या ओल्या देशांत माती वाऱ्यानें सहसा उडत नसे.

१८३७ सालीं इलिनॉय प्रांतांत जॉन डिअर या लोहारानें पोलादी नांगर घडविला आणि चिवट गवताळ रान त्यापुढें नमलें. पुढें नांगरणी पश्चिमेच्या कोरड्या मैदानांत शिरली. प्रत्येक पावसानंतर वरची माती मोकळी करावी, म्हणजे खालची ओल टिकते, असें हार्डी कॅम्पबेल तेथें सांगे. विचार अगदींच खोटा नव्हता. पण वारा त्यानें हिशेबांत धरला नव्हता.

महायुद्धांत, १९१७ सालीं, सरकारनें गव्हाला बुशेलमागें दोन डॉलरांची हमी दिली. ट्रॅक्टर आले, तव्यांचे नांगर आले. १९३१ सालीं कॅन्ससमध्यें भाव पाव डॉलरच्या आसपास कोसळला, तेव्हां कर्ज फेडण्यासाठीं शेतकऱ्यांनीं आणखीच रान मोडलें. त्यांना मूर्ख म्हणणें सोपें आहे. दारांत सावकार उभा असतां दुसरें काय सुचणार? मग पाऊस गेला आणि माती उडाली. मे १९३४ मध्यें तर ती न्यूयॉर्क व वॉशिंग्टनपर्यंत पोंचली. ह्यू बेनेट हा मृदातज्ज्ञ कित्येक वर्षें कंठरवानें जें सांगत होता, तें आतां राजधानीच्या खिडक्यांवर बसलें. त्या काळ्या रविवारानंतर तेरा दिवसांनीं जमिनीच्या संरक्षणाचा कायदा झाला.

उपाय मात्र शेतांतच सांपडला. गव्हाचीं धसकटें उलथून न टाकतां जागेवरच ठेवावयाचीं. कॅनडांत चार्ल्स नोबल यानें १९३६ च्या सुमारास जमिनीखालून सरकणारें एक रुंद पातें तयार केलें. तें तणाचीं मुळें कापी, वरचें काड तसेंच राही. वखराची पास ज्यानें पाहिली आहे त्याला हें फार नवल वाटणार नाहीं. १९४३ सालीं एडवर्ड फॉकनर यानें ‘प्लाउमन्स फॉली’ या पुस्तकांत नांगरावरच खटला भरला आणि मोठा वाद माजला. वादाची गांठ तणाशीं होती; नांगर सोडला तर तें मारावयाचें कसें? १९६० नंतर तणनाशक औषधें आलीं आणि नांगरणीशिवाय पेरणी व्यवहारांत उतरली. नांगराची जागा अशी विषानें घेतली, हें विसरूं नये.

हरियाणांत या पद्धतीनें निराळीच अडचण सोडविली. भात निघाल्यावर मशागत करीत बसल्यास गहू उशिरां पडतो आणि उन्हाळ्यांत दाणा चिमतो. तशांत १९९० नंतर गुल्लीदंडा हें तण जुन्या औषधाला दाद देईना. न नांगरतां थेट बीं पेरणाऱ्या यंत्रानें पेरणी लवकर झाली, डिझेल वांचलें आणि हें तणही कमी उगवलें.

तरीही हें सर्वत्र लागू पडत नाहीं. २०१५ सालीं ६१० अभ्यासांचा एकत्र ताळा झाला, तेव्हां बिननांगरणीचें उत्पन्न सरासरीनें थोडें कमीच भरलें. कोरडवाहू मुलखांत, काड शेतावर राखून व पिकांची फेरपालट करून, तें बरोबरीचें किंवा सरस ठरलें. काड राखणें ही अट कॅन्ससच्या शेतकऱ्याला जड नाहीं. हरियाणांत गव्हाचा भुसा गोठ्यांत जातो, आणि भाताचा पेंढा वेळेअभावीं जाळला जातो. पेंढ्यांतूनच गहू पेरणारें यंत्र निघालें आहे; पण त्याला जबर ट्रॅक्टर लागतो, आणि तो प्रत्येकाच्या दारीं नसतो.