आर्थर, एलफिन्स्टन व ग्रँट डफ : नामनिर्णयाचा एक प्रश्न

चिंचपोकळीजवळचा जो रस्ता आज साने गुरुजी मार्ग म्हणून ओळखला जातो, तो जुन्या कागदांत आर्थर रोड या नांवानें येतो. हें आर्थर कोणाचें पाळण्यांतलें नांव नव्हे. १८४२ ते १८४६ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉर्ज आर्थर यांचें तें आडनांव होय. याच्या उलट प्रकार, म्हणजे आडनांवच पाळण्यांतलें नांव म्हणून ठेवणें, हाहि इंग्रजांत रूढ आहे. आणि त्याचें एक ठळक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासाशीं निगडित आहे.

ही चाल सोळाव्या शतकांत उच्च कुळांत दिसूं लागली. लेडी जेन ग्रे हिचा पति गिल्फर्ड डड्ले (मृत्यु १५५४) याचें नांव म्हणजे त्याच्या आईच्या माहेरचें आडनांव. १६०५ सालीं विल्यम कॅम्डेन यानें ही रीत इंग्लंडांतच नवी पडली असल्याची नोंद केली आहे. मातुल घराण्याचा मान राखणें, किंवा उपकारकर्त्याचें नांव पुढें चालविणें, हे तिचे मुख्य हेतु.

दुसऱ्या हेतूचें उदाहरण सातारच्या ग्रँटसाहेबाच्या घरीं सांपडतें. जेम्स ग्रँट हा १८१८ ते १८२२ पर्यंत प्रतापसिंह महाराजांजवळ इंग्रजांचा प्रतिनिधि होता. माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन हे त्याचे वरिष्ठ व आश्रयदाते. पुढें आईकडून स्कॉटलंडांतील ईडनची मिळकत आल्यावर त्यानें डफ हें उपनांव जोडलें, व १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास त्याच जोडनांवानें प्रसिद्ध केला. १८२७ सालीं एलफिन्स्टन यांनीं मुंबईची गव्हर्नरी सोडली; १८२९ सालीं ग्रँट डफ यास पुत्र झाला, त्याचें नांव त्यानें माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन असें सबंध ठेविलें. एलफिन्स्टन आजन्म अविवाहित राहिले. परंतु त्यांचें नांव व आडनांव दोन्हीं शिष्याच्या वंशांत उतरलीं. आपल्याकडे नातवास आजोबांचें नांव ठेवितात. धन्याचें आडनांव मुलास ठेवण्याची रीत नाहीं. जेम्स नांवाचे इसम शेंकडों. माउंटस्टुअर्ट म्हणतांच एकच पुरुष डोळ्यांपुढें उभा राहतो. दुर्मिळ नांवाचें आकर्षण यांतच आहे.

संग्राहकास मात्र येथेंच चकवा आहे. हा पुत्र १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. त्याचे कागद एलफिन्स्टनच्या किंवा बापाच्या नांवावर चढूं नयेत. सातारच्या कागदांतील ग्रँट व इतिहासकार ग्रँट डफ हे एकच, हेंहि विसरूं नये. शिवाय परळनजीकच्या ज्या स्टेशनास २०१८ पासून प्रभादेवी म्हणतात, त्याचें जुनें एलफिन्स्टन हें नांव १८५३ ते १८६० च्या गव्हर्नरांचें, म्हणजे माउंटस्टुअर्ट यांच्या पुतण्याचें. सबब यादी करितांना केवळ नांवावर विसंबूं नये. पूर्ण नांव, हुद्दा व साल हीं तिन्हीं जुळल्यावांचून कर्ता ठरवूं नये, एवढीच आमची विनंति आहे.