पाळी गेल्यावर आजी काय करायची?



कळव्यातल्या आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी असते. गेल्या वैशाखातली गोष्ट. हप्ते गोळा करून झाले आणि एक ताई पासबुकानंच वारा घ्यायला लागल्या. डोक्यावर पंखा चालू होता, बाकी कुणाला घाम नव्हता. ताईंचा चेहरा मात्र लाल, मान ओली. "आतून वाफ येते गं," त्या म्हणाल्या, "रात्री दोनदा गाऊन बदलावा लागतो." ताईंचं वय ४७.

मग जी ती औषध सांगायला लागली. खारेगावच्या आगरी मावशी म्हणाल्या, आमसूल भिजत घाल आणि ते पाणी पी. मराठवाड्यातून आलेली वहिनी म्हणाली, जवसाची चटणी आणि तीळ खा. रत्नागिरीकडची म्हणाली, नाचणीची आंबील. कळवा म्हणजे पूर्वी भातशेती, खाडी आणि मिठागरं. कारखाने आले तशा पारसिकच्या डोंगरापर्यंत चाळी चढल्या, आणि त्यामुळे आमच्या एका गटात अर्ध्या महाराष्ट्राची स्वयंपाकघरं आहेत. पाच मिनिटांत सात-आठ औषधं निघाली. पण "तुझ्या आईची पाळी गेली तेव्हा तिला काय झालं होतं?" असं विचारलं, तर सगळ्या गप्प. एकीलाही माहीत नव्हतं. तेव्हापासून आम्ही थोडं वाचलं, थोडं म्हाताऱ्या बायकांना विचारलं. तेच आज सांगतो.

पाळी जाते हे आपल्या जुन्या वैद्यांना चांगलं ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत पाळीचं वय बारा ते पन्नास असं दिलं आहे. शरीर पिकलं की ती थांबते, एवढंच म्हटलं आहे. म्हणजे हा वयाचा भाग, रोग नव्हे. युरोपात या काळाला 'मेनोपॉज' हे नाव १८२१ मध्ये गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं दिलं. आपला 'रजोनिवृत्ती' हा शब्द पुस्तकातला, घरात तो कुणी बोलत नाही. घरात बायका म्हणतात, "माझी गेली." आणि जुन्या बायका म्हणायच्या, "सुटले बाई एकदाची!"

हे 'सुटले' आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. सुटली कशातून? महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं, देवाला हात नाही, पाण्याच्या हंड्याला हात नाही, लोणच्याच्या बरणीजवळ जायचं नाही. पाळी गेली की बाई यातून मोकळी. पापड-लोणच्याला तिला बोलावणं, लग्नाकार्यात तिचा शब्द वजनदार. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणारी ऋषिपंचमी घ्या. पाळीत विटाळाचा दोष लागतो, तो फिटावा म्हणून हे व्रत. (त्यात दोष कसला, हा प्रश्न आम्हालाही पडतो. पण ते एक असो.) बैलाच्या कष्टाचं काही त्या दिवशी खायचं नाही, म्हणून अळू, माठ, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस घालून ऋषीची भाजी. पाळी गेली की कित्येक घरांत या व्रताचं उद्यापन करतात. एका अर्थानं बाईची पाळी गेली हे चारचौघांत, जेवण घालून सांगितलं जायचं. तोंडानं कुणी उच्चारायचं नाही, पण कळायचं सगळ्यांना.

मार्शा फ्लिंट नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत बायकांशी बोलून १९७५ मध्ये एक लेख लिहिला. त्या बायकांनी पाळी जाण्याच्या त्रासाची तक्रार फारशी केलीच नाही. बाईंचं म्हणणं असं, की पाळी गेल्यावर तिथली बाई पडद्यातून बाहेर येते, पुरुषांत बसून बोलू शकते. बक्षीस मिळत असेल तर त्रास कोण मोजणार? वाचून आम्हाला आमच्या 'सुटले बाई'ची आठवण झाली. मात्र पुढच्या काळात भारतातच इतरांनी विचारपूस केली, तेव्हा सांधेदुखी, थकवा, झोप न लागणं भरपूर निघालं. त्रास होता. सांगायचा कुणाला, हा प्रश्न होता.

इथे आपल्या शेजारच्या कल्याणची आठवण काढायला हवी. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये कल्याणात जन्मल्या. बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत आणि तशाच मरतात, हे त्यांचं मुख्य म्हणणं. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस पूर्ण व्हायच्या आत गेल्या. त्याच १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायकांसाठी, आणि डॉक्टरही बायकाच. पण तिथे गर्दी बाळंतपणाची. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं अंगात वाफा येतात म्हणून गाडीत बसून दवाखाना गाठावा, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. आज तरी कुठे येतं?

तिकडे अमेरिकेत मात्र याच त्रासावर बाटल्या खपत होत्या. लिडिया पिंकम या बाईंचं मुळ्यापाल्याचं औषध १८७५ पासून विकायला आलं, खूप गाजलं. त्यात दारूचा अंशही चांगलाच होता. पुढे १९४२ मध्ये हार्मोनची गोळी आली, तीही गाभण घोडीच्या मुतापासून केलेली. नैसर्गिकच म्हणा की! ती लाखो बायकांनी घेतली. २००२ मध्ये मोठ्या तपासणीत दिसलं, की हार्मोनच्या जोडगोळीनं स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो, आणि तो प्रयोग मध्येच थांबवला. आता डॉक्टर म्हणतात, त्रास फार असेल आणि बाई साठीच्या आतली असेल, तर तपासून, नजरेखाली द्यायला हरकत नाही. हे एवढ्यासाठी सांगितलं, की 'नैसर्गिक' लिहिलेल्या बाटलीला आपण लगेच भुलतो. शतावरी आयुर्वेदातली जुनी आहे, पण कुणाला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा रोजच्या गोळ्या चालू असतील, तर तीसुद्धा विचारूनच घ्यायची.

आणि आपल्याकडे काय झालं? बीड जिल्ह्यात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांत १३ हजार ८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्याही आतल्या. पाळीत खाडा झाला की पैसे कापले जातात, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की "काढून टाका" हे ठरलेलं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास पस्तिशीतच, एका दिवसात सुरू होतो. नुसती पिशवी काढली तरी तो लवकर येऊ शकतो. हाडं ठिसूळ होतात, आणि ऊस तर तोडायचाच असतो.

आता उलटी गोष्ट. आमच्या गटातल्या एका मावशींची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. मग एक दिवस अंगावर डाग दिसला. "परत तरुण झाले," म्हणून त्या हसल्या, आम्हीही हसलो. पाच महिने त्यांनी दूर्वांचा रस घेतला, तांदळाचं धुवण प्यायल्या. रक्त थांबायचं, परत यायचं. शेवटी सून हात धरून घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, पिशवीचं अस्तर तपासायला पाठवलं, तर कॅन्सर. नशिबानं सुरुवातीचा. पिशवी काढली, आज मावशी बैठकीला येतात. पण त्या पाच महिन्यांत आम्ही दर बैठकीला त्यांना नवा काढा सांगत होतो, हे आम्ही विसरू शकत नाही.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी काढा नाही, डॉक्टर. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण ते तपासल्यावर कळतं. कळव्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. एकटीला जायला लाज वाटली तर गटातली दुसरी बरोबर जाते. आणि कुणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय होकार द्यायचा नाही.

बाकी वाफा, झोप, चिडचिड यांना घरातलं चालू द्या. नाचणीत शंभर ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. तेव्हा आठवड्यातून चार दिवस तरी नाचणीची भाकरी. तीळ कुटून, जवस भाजून. आमसुलाचं पाणी गार वाटतं, फक्त मिठातलं आमसूल असेल तर रक्तदाबवालीनं जपून, सुकटीचंही तेच. रात्रीचं तिखट, चहा आणि मिश्री कमी केली की वाफा कमी येतात, असं आमच्या चौघींचं म्हणणं आहे. सोयाबीनवर अभ्यास झाले आहेत, काहींत फरक दिसला, काहींत नाही. झोपायला सुती कपडा, आणि सकाळी अर्धा तास चालणं. आम्ही सहाजणी खाडीच्या बाजूनं जातो. चालताना पाय कमी आणि तोंडं जास्त चालतात, पण रात्री झोप लागते.

पासबुकानं वारा घेणाऱ्या त्या ताईंनी परवा गावी फोन करून आईला विचारलं. आई अर्धा मिनिट काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दोन वर्षं रात्रीची उठून ओट्यावर बसायचे. तुम्हाला वाटायचं, मी पाणी भरायला लवकर उठते."