बटणाचे नाव कोणी ठेवायचे?

विजेवर चालणारी गिटार वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात. एक हात तारा छेडतो, दुसरा त्या दाबून सूर ठरवतो. वाजवता वाजवता आवाजाची जात बदलायची असेल, तर मोकळा राहतो तो पाय. म्हणून या वादकांच्या पायाशी बटणांची एक लांबट पेटी ठेवलेली असते. तिला फूट-कंट्रोलर म्हणतात. अशा पेटीकडे जवळून पाहिले, तर अनेकदा बटणांच्या वर चिकटपट्टीचे तुकडे आणि त्यांवर हाताने लिहिलेली नावे आढळतात. एवढ्या महागड्या यंत्रावर कारखान्याने बटणांची नावे का छापली नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. पूर्वी तो ती छापत असे. मग ती पुसली गेली कशी?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९६१ साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्स या गायकाचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे बाजारात आले. नॅशव्हिल येथे त्याचे ध्वनिमुद्रण होताना मिक्सरच्या एका भागात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेस गिटारचा आवाज फाटका, खरखरीत उमटला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडलाही! मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारे ट्रान्झिस्टरचे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘मॅएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढले. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर, वर पायाने दाबायचे एक बटण आणि फिरवायच्या दोन खुंट्या, त्यांवर ‘व्हॉल्यूम’ आणि ‘अटॅक’ ही नावे. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यामुळे हा आवाज जगभर पोहोचला.

या पेटीतले बटण एका ठरावीक मंडलाला तारेने जोडलेले होते. तार बदलत नाही तोवर नावही खोटे ठरण्याची भीती नव्हती. पुढे अशा पेट्या वाढल्या. १९७७ पासून बॉस कंपनीने काढलेल्या छोट्या पेट्यांना तर वेगवेगळे रंग दिलेले होते. पिवळी पेटी एका आवाजाची, हिरवी दुसऱ्या. नाव वाचण्याचीही गरज नाही.

खरी उलथापालथ १९८३ मध्ये झाली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘मिडी’ ही संकेतप्रणाली त्या वर्षी आली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख शिल्पकार. या प्रणालीत तारेतून आवाज जातच नाही, जातात फक्त अंक. आवाज बदलण्याचा हुकूम दोन बाइटचा असतो. पहिला बाइट सांगतो की हा आवाज बदलण्याचा हुकूम आहे आणि १६ पैकी कोणत्या मार्गिकेसाठी आहे. दुसऱ्यात ० ते १२७ यांपैकी एक अंक. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. प्रत्येक बाइटला आरंभ-अखेरीचे बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे संपूर्ण हुकूम ०.०००६४ सेकंदात पोहोचतो.

आता पाहा, पायाखालचे बटण दाबल्यावर ‘३७’ एवढेच निघते. ३७ म्हणजे काय, हे पलीकडच्या यंत्राच्या स्मृतीत वादकाने काय साठवले आहे त्यावर अवलंबून. १९८७ साली आलेल्या एडीए कंपनीच्या एमपी-१ या यंत्रात असे १२८ आवाज साठवता येत. माझा ३७ वा आवाज मऊ आणि तुमचा कर्कश असू शकतो. अशा बटणावर कारखान्याने काय छापावे? छापले ते फक्त क्रमांक.

क्रमांकांचा घोळ वेगळाच. काही कंपन्या ० पासून मोजत, काही १ पासून. त्यामुळे एका यंत्रावरचा ३७ दुसऱ्यावर ३८ दिसे. रोलँडच्या १९८७ च्या डी-५० या वाद्यात तर ६४ आवाज ११ ते ८८ असे, ० आणि ९ वगळून मांडलेले होते. ऐन कार्यक्रमात, गायक हळुवार ओळीवर आला असताना, पायाखालून फाटका आवाज निघण्यास एवढी चूक पुरे.

१९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ या मानकाने १२८ क्रमांकांना कायमची वाद्ये वाटून दिली. त्यात १ म्हणजे पियानो आणि १०५ म्हणजे चक्क सतार! पण गिटारवादकांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. त्यांना स्वतः घडवलेला आवाज हवा होता, आणि त्याचे नाव मानकाच्या यादीत कसे असणार? शेवटी नाव ठेवण्याचे काम वादकाकडेच आले.

साधन जवळच होते. ध्वनिमुद्रक मिक्सरवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने नावे लिहीतच असत. शिवाय १९५८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या डायमो कंपनीचे अक्षरे ठसवण्याचे यंत्र होते. त्यात शाई नसते. प्लास्टिकची रंगीत पट्टी दाबाने ताणली जाते, तेथे अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात, त्या प्रकाश विखुरतात आणि अक्षर पांढरे दिसते. प्लास्टिकची फुटपट्टी वाकवल्यावर उमटणारी पांढरी रेघ विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते, तीच ही क्रिया. नंतरच्या लेबलछपाई यंत्रांनी पारदर्शक पापुद्र्याच्या आतल्या बाजूला उलटी अक्षरे छापून खाली चिकट पट्टी लावली. त्यामुळे बूट घासला तरी अक्षर झिजत नाही.

अक्षर केवढे हवे, हे वर्गात काढण्यासारखे गणित आहे. डोळे तपासायच्या स्नेलेनच्या तक्त्यात (१८६२) निर्दोष दृष्टीचे अक्षर डोळ्याशी ५ कलांचा, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाचा कोन करते. उभ्या वादकाच्या डोळ्यापासून जमीन सुमारे दीड मीटर. तेथे या कोनाला २.२ मिलिमीटर उंचीचे अक्षर येते. पण हे भरपूर उजेडात. मंद प्रकाशात दृष्टीची तीक्ष्णता घटते, तेव्हा निदान तिप्पट उंची धरावी. बोटभर जागेत सात मिलिमीटरची अक्षरे फार मावत नाहीत, म्हणून नावे तीन-चार अक्षरांचीच ठेवावी लागतात.

२०१५ साली लाइन ६ कंपनीच्या हेलिक्स या यंत्रात बटणांच्या वर लहान पडदे आले. आवाज बदलला की पडद्यावरचे नावही बदलते. मिक्सरवरच्या चिकटपट्टीला इंग्रजीत ‘स्क्रिबल स्ट्रिप’, म्हणजे खरडायची पट्टी, म्हणत. या पडद्यांनाही तेच नाव दिले गेले. त्यांवर काय उमटावे, ते मात्र अजून वादकच टाइप करतो.