घरांतल्या उजेडाचा हिशेब

विजेचें बिल हातांत पडलें म्हणजे घरोघरीं जो संवाद होतो त्याचें येथें वर्णन करण्याचें कारण नाहीं. वडील माणसें मुलांच्या पंख्याकडे बोट दाखवितात, मुलें वडिलांच्या दूरदर्शन संचाकडे, आणि शेवटीं जिन्यांतला दिवा रात्रभर कोणी चालू ठेवला यावर प्रकरण मिटतें. या वादांत एक गोष्ट मला नेहमीं विचित्र वाटत आली आहे. किराण्याचा खर्च वाढला तर कोणता जिन्नस अधिक आला तें गृहिणी तात्काळ सांगते. विजेच्या बाबतींत महिना उलटल्यावर आंकडा कळतो, आणि ती गेली कोठें तें कोणासच सांगतां येत नाहीं. असें पूर्वींपासून नव्हतें. जळणाचा खर्च डोळ्यांना दिसत असे तो काळ फार दूरचा नाहीं. तो कसा सरला आणि अदृश्य झालेला खर्च पुन्हां दिसावा म्हणून कोणी काय खटपट केली, एवढीच हकीकत आज सांगावयाची आहे.

माझें बालपण सातारा जिल्ह्यांतील एका लहान गांवांत गेलें. आमच्या घरीं वीज आली ती १९७३ सालीं, तोंपर्यंत घासलेट. हा शब्द इंग्रजी 'गॅस-लाइट'चा अपभ्रंश, आणि त्याचाच भाऊ 'रॉकेल' हा 'रॉक ऑइल'चा. खनिज तेल आपल्याकडे आलें तें अशीं दोन नांवें घेऊन आलें. शिधापत्रिकेवर मिळणारें तेल आई एका मोठ्या बाटलींत भरून कोनाड्यांत ठेवी आणि बाटलीस चार ठिकाणीं सुताचा दोरा बांधी. एका आठवड्यांत एका दोऱ्यापासून दुसऱ्या दोऱ्यापर्यंतच तेल उतरावयाचें, असा तिचा नियम होता. गुरुवारींच तेल दोऱ्याशीं आलें तर शुक्रवारीं दिवेलागणीनंतर तासाभरांत सारें घर निजलें पाहिजे. यापेक्षां सोपें मीटर मी पुढें कोठेंहि पाहिलें नाहीं.

कंदील घरांत एकच होता, आणि तो माझ्या अभ्यासासाठीं. माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनीं मोठी आणि गणितांत माझ्याहून पुष्कळ हुशार. तिच्या वाट्यास चुलीजवळची चिमणी येई. तिच्या उजेडांत भाकरी दिसे, पुस्तक दिसत नसे. सातवीनंतर तिची शाळा सुटली. तिचें कारण केवळ घासलेट होतें असें मी म्हणणार नाहीं. परंतु दिवसा कामांतून सुटका नाहीं आणि रात्रीं उजेड नाहीं, मग परीक्षेंत जें व्हावयाचें तें झालें. आमच्या लहानपणीं लोक किती काटकसरी होते असें कोणी कौतुकानें बोलूं लागलें म्हणजे मला त्या दोऱ्यांची आठवण होते, आणि अंधारांत कोण बसलें होतें हें विचारावेंसें वाटतें.

स्वयंपाकघरांतहि हाच प्रकार. सरपण वांचविण्यासाठीं चूल धुमसत ठेवावयाची, आणि धूर सोसावयाचा तो बायकांनीं. कमी जळणांत तेंच अन्न शिजावें, आणि शिजविणारीचे डोळेहि शाबूत राहावेत, असा विचार करणारीं माणसें मात्र आपल्या देशांत होऊन गेलीं. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं 'इक्मिक कुकर' काढला. तळाशीं थोडे कोळसे पेटवून वर डबे रचावयाचे आणि आपल्या कामास निघून जावयाचें, अशी त्याची सोय होती. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनीं १९५३ मध्यें धूर बाहेर नेणाऱ्या चुलीवर एक पुस्तिकाच लिहिली. दाबाचा कुकर ही तर आतां घरोघरची वस्तु आहे. त्याचें मूळ डेनिस पापिन यानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलेल्या भांड्यांत आहे. वाफ कोंडल्यानें पाणी १०० अंशांऐवजीं १२० अंशांच्या सुमारास उकळतें, म्हणून डाळ लवकर शिजते. शिटी झाल्यावर आंच मंद केली तरी आंतील उष्णता तितकीच राहते. मोठ्या आंचेवर शिट्या मोजीत बसणें म्हणजे जळणाची वाफ करून खिडकीबाहेर सोडणें होय.

आतां दिव्याकडे वळूं. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालीं लागले. विजेचा दिवा त्या शहरानें प्रथम पाहिला तो १८८२ मध्यें, क्रॉफर्ड मार्केटांत. परंतु तो उद्योग करणारी मंडळी लवकरच बुडाली. १९०५ सालीं ट्रामची व विजेची मिळून नवी कंपनी निघाली तेव्हां वीज खरी रुजली, आणि १९१५ सालीं टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युतगृहांतून सह्याद्रीचें पाणी तारेच्या रूपानें मुंबईस पोहोंचलें. या वेळेपासून घरांतील बाटली गेली आणि तिच्याबरोबर दोराहि गेला. कळ दाबली कीं उजेड. किती सरलें याची खूण कोठेंच नाहीं.

ही अडचण वीज विकणारांनाहि होतीच, किंबहुना त्यांना ती आधीं जाणवली. एडिसननें न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीट येथें ४ सप्टेंबर १८८२ रोजीं वीजगृह सुरू केलें तेव्हां आरंभीं कांहीं महिने गिऱ्हाइकांकडून पैसे घेतलेच नाहींत, कारण वीज मोजावयाची कशी हा प्रश्न होता. त्यानें काढलेला तोडगा मोठा मौजेचा आहे. एका बरणींत जस्ताच्या क्षाराचें पाणी आणि त्यांत जस्ताचे दोन पत्रे. घरांत येणाऱ्या विजेचा ठराविक लहानसा अंश त्यांतून जाई आणि त्या मानानें एका पत्र्याचें जस्त दुसऱ्यावर चढे. महिन्याच्या शेवटीं कंपनीचा माणूस ते पत्रे नेऊन तराजूंत तोली आणि वजनावरून बिल करी. हिंवाळ्यांत पाणी गोठूं नये म्हणून पेटींत एक लहान दिवाहि लावीत! तराजू कंपनीचा, वजनें कंपनीचीं. घरमालकास त्यांत कांहींच वाचतां येत नसे. बुडापेस्ट येथील गांझ कारखान्याचा अभियंता ओट्टो ब्लाथी यानें १८८९ मध्यें फिरत्या तबकडीच्या मीटरचा शोध लावला, आणि खर्च पुन्हां दिसूं लागला. वीज अधिक ओढली कीं तबकडी वेगानें फिरे, दिवे मालविले कीं मंद होई. पाऊणशें-शंभर वर्षें ही तबकडी घरोघरच्या दाराशीं फिरत होती, आणि फारच थोड्यांनीं तिच्याकडे पाहिलें. 'युनिट' हा शब्दहि त्याच काळचा. इंग्लंडांतील बोर्ड ऑफ ट्रेडच्या नांवानें तो प्रथम ओळखला जाई. १००० वॅटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट झालें.

दिवा स्वतः सुधारत गेला ती कथा लांब आहे. दोन गोष्टी पुरेत. कार्बनच्या तंतूच्या दिव्यास एका मेणबत्तीइतक्या उजेडासाठीं सुमारें साडेतीन वॅट लागत. विसाव्या शतकाच्या आरंभीं टंगस्टनची तार आली आणि तें काम सव्वा वॅटांत होऊं लागलें. मग बिलें तिसऱ्या हिश्श्यावर यावयास हवीं होतीं. परंतु उजेड स्वस्त होतांच लोकांनीं दिवे वाढविले. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें कोळशाच्या बाबतींत हें १८६५ सालींच लिहून ठेविलें होतें: वॅटच्या यंत्रास कोळसा कमी लागूं लागला म्हणूनच इंग्लंडांत कोळसा अधिक जळूं लागला. दुसरी गोष्ट अलीकडची. निळ्या प्रकाशाच्या ज्या शोधामुळें एलईडी दिवा पांढरा उजेड देऊं लागला त्यास २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि ५ जानेवारी २०१५ पासून 'उजाला' योजनेंत हे दिवे आपल्याकडे कोट्यवधींनीं वाटले गेले. नऊ वॅटचा दिवा जुन्या साठ वॅटच्या दिव्याचें काम करतो. तरीहि पुष्कळ घरीं बिल उतरलें नाहीं. जेव्हन्सला त्याचें आश्चर्य वाटलें नसतें.

आमचेंहि उतरलें नव्हतें, म्हणून गेल्या उन्हाळ्यांत मी नातवास घेऊन मीटरपुढें खुर्ची टाकून बसलों. आतांच्या मीटरांत तबकडी नसते, एक तांबडी ठिणगी लुकलुकते. आमच्या मीटरवर ३२०० असा आंकडा आहे, म्हणजे इतक्या वेळां ठिणगी लुकलुकली कीं एक युनिट. घरांतले सर्व दिवे व पंखे बंद केले, शीतकपाटाची पिन काढली. ठिणगी थांबावयास हवी होती. ती मिनिटास एकदां लागतच राहिली. नातवानें गणित केलें: तासास ६०, म्हणजे एकोणीस वॅटच्या आसपास, आणि महिन्यास साडेतेरा युनिटें. दूरदर्शन संच आणि त्याच्या जोडीची पेटी दुरूनच्या कळीनें बंद केली तरी आंतून जागीच राहतात, हें अशा रीतीनें समजलें. 'झीरो'चा दिवा म्हणजे शून्य खर्च असें आम्ही वर्षानुवर्षें समजत होतों, त्याचीहि हीच गत. तो जुन्या पद्धतीचा दिवा सुमारें पंधरा वॅटचा असे, आणि रात्रीं दहा तास जळला तर महिन्यास साडेचार युनिटें खाई. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिल्या १०० युनिटांस एक, त्यापुढें ३०० पर्यंत त्याहून बराच अधिक. त्यामुळें वांचलेलीं युनिटें कमी होतात तीं नेहमीं वरच्या, महाग टोंकाकडून. पंख्यांविषयींहि एक सांगून ठेवतों. जुना पंखा ७५ वॅट ओढतो, नव्या जातीचा तीसच्या सुमारास. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची खूण सक्तीची झाली आहे, ती विकत घेतांना अवश्य पाहावी.

नातवाची वही अजून चालू आहे. तींत पेटीची कळ भिंतीवरून बंद केल्याची तारीख आहे, त्यापुढील दोन महिन्यांचे आंकडे आहेत, आणि आजोबांनीं बाहेर जातांना पंखा चालू ठेविल्याच्या तीन नोंदी आहेत.

माझी बहीण आतां सत्तरीची झाली. ती आमच्याकडे राहावयास आली म्हणजे रात्रीं सर्व निजल्यावर स्वयंपाकघरांत टेबलाशीं बसून वाचते. दिवा नऊ वॅटचा. रोज चार तास जळला तर महिन्यास एक युनिट आणि वर थोडें. नातवानें तीहि नोंद वहींत केली होती; मी ती खोडावयास सांगितली.